साधं ग्रीक योगर्ट चवीने कसं खायचं? साखर ओतायची नाहीये

कोथिंबीर_वडी

घरात साध्या ग्रीक योगर्टचा एक किलोचा डबा आहे, ० टक्के फॅटवाला. प्रथिनांसाठी रोज दीडशे ग्रॅम खायचं ठरवलंय. दह्यावर वाढलेल्या माणसाला हे जड जाऊ नये असं वाटलं होतं, पण हे दह्यासारखं लागतच नाही. अडचणी अशा आहेत:

जिभेवर खडूची पूड चोळल्यासारखं लागतं आणि गिळल्यावरही तोंड कोरडं राहतं. आंबटपणा साखरेने जातो, पण त्यासाठी दोन चमचे घालावी लागते आणि कोरडेपणा तरीही तसाच. किवी किंवा अननस घालून डब्यात नेलं तर दुपारपर्यंत पातळ होतं आणि चक्क कडू लागतं. तुपाची फोडणी देऊन पाहिली तर तुपाच्या मेणासारख्या कण्या झाल्या.

प्रमाणासकट सांगितलंत तर बरं होईल. गोड, तिखट काहीही चालेल. अंडं चालतं.

---

घुसळखांब

आधी डब्यामागचा तक्ता वाचा. शंभर ग्रॅमला ९-१० ग्रॅम प्रथिनं असतील आणि घटकांत दूध आणि विरजण एवढंच असेल, तर ते खरोखर गाळलेलं दही आहे. प्रथिनं ४-५ ग्रॅम आणि यादीत स्टार्च, पेक्टिन, दूध पावडर, मलई अशी नावं असतील, तर ते गाळलेलं नाही, दाट केलेलं आहे. इंग्लंडमध्ये २०१४ साली अपील कोर्टाचा निकाल लागला, तेव्हापासून तिथे ‘ग्रीक योगर्ट’ हे नाव ग्रीसमध्ये बनलेल्या गाळलेल्या दह्यालाच मिळतं. बाकीच्यांना ‘ग्रीक स्टाईल’ लिहावं लागतं. भारतात दोन्ही प्रकार एकाच नावाने विकले जातात, त्यामुळे प्रथिनांचा आकडाच खरं काय ते सांगतो.

आता खडूबद्दल. दह्यातलं पाणी काढलं की मागे उरतात केसीनचे, म्हणजे दुधातल्या मुख्य प्रथिनाचे, एकमेकांना चिकटलेले बारीक कण. दूध सायीचं असेल तर स्निग्धांश या कणांच्या मधे बसतो आणि ते जिभेवरून सरकतात. ० टक्क्यात मधे बसायला काही नसतं. वर आम्ल आणि प्रथिनं मिळून लाळेतला बुळबुळीतपणा बांधून टाकतात. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर तोंड ओढतं, त्याच जातीचा हा तुरटपणा. म्हणून दोन चमचे साखर घालूनही कोरडेपणा गेला नाही. या दह्याला गोड कमी पडत नाही, स्निग्ध कमी पडतं. ते थोडं परत द्या, मग साखर आपोआप कमी लागेल.

दीडशे ग्रॅमसाठी असं करा:

वाटीत काढून १५ मिनिटं बाहेर ठेवा. फ्रीजमधून काढल्या काढल्या गोडवा आणि वास दोन्ही दबलेले असतात, आंबटपणा तेवढा जाणवतो. मग दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ घाला. गोड करणार असलात तरी घाला; मिठाने दुधाची चव पुढे येते आणि तुरटपणा मागे जातो. त्यात एक मोठा चमचा सायीचं दूध आणि खालीलपैकी एकच गोष्ट: एक मोठा चमचा घोटलेली साय, नाहीतर तेवढंच फ्रेश क्रीम, नाहीतर एक छोटा चमचा ऑलिव्ह तेल. काट्याने अर्धा मिनिट फेटा. चकाकी आली की थांबा.

ऑलिव्ह तेलाचा एक छोटा चमचा साधारण ४० कॅलरीचा. दोन चमचे साखरही तेवढ्याच कॅलरी देते आणि खडू तसाच ठेवते.

मिक्सर मात्र लावू नका. गाळलेल्या दह्याची वीण पात्याने एकदा तुटली की पुरती परत जुळत नाही, लस्सी होते. स्टार्च घातलेलं दही असेल तर जास्त फेटल्यावर तार सुटल्यासारखं बुळबुळीत होतं, ते नुसतं ढवळावं.

हा डबा संपला की पुढचा ५ टक्क्यांचा घ्या. दीडशे ग्रॅममागे साठेक कॅलरी वाढतात, प्रथिनं दीड ग्रॅमच्या आसपास कमी होतात, आणि वर लिहिलेल्यातलं निम्मं करावंच लागत नाही. ० टक्क्यांचं दही नुसतं खाण्यापेक्षा कोशिंबिरीत किंवा कणकेत घालायला चांगलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

अडकित्ता

किवीबद्दल तेवढं लिहितो, कारण यात दह्याचा काही दोष नाही.

ताज्या, न शिजवलेल्या अननसात ब्रोमेलेन असतं, किवीत अ‍ॅक्टिनिडिन, पपईत पपेन, ताज्या अंजिरात फिसिन. ही सगळी प्रथिनं तोडणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स आहेत. मटण मऊ व्हावं म्हणून कच्ची पपई लावतात, तेच काम ती इथे दह्यावर करतात. केसीनचे लहान लहान तुकडे पडतात, हे तुकडे चवीला कडू असतात, आणि वीण सैल झाली की पाणी सुटतं. साध्या दह्यातही हे होतं, पण इथे प्रथिनंच दुप्पट-तिप्पट, त्यामुळे कडूपणाही तसाच.

दोन मार्ग आहेत. फळ अगदी खाताना घाला आणि दहा मिनिटांत संपवा. नाहीतर फळ शिजवा: अननसाच्या बारीक फोडी थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, आतपर्यंत वाफ लागेल अशा ५-७ मिनिटं. उष्णतेने विकर निकामी होतं. पूर्ण गार करूनच दह्यात घाला. डबाबंद अननस कारखान्यात तापवलेलाच असतो, तो चालतो. किवी शिजवून काही मजा येत नाही, तो आयत्या वेळीच.

आंबा, केळं, डाळिंब, चिकू, द्राक्षं, सफरचंद यांचा हा त्रास नाही. डाळिंबाचे दाणे तर डब्यासाठी सगळ्यात भरवशाचे. दाणा फुटला नाही तर पाणी सुटतच नाही.

---

सांडगी_मिरची

हे दही गोड करण्याच्या मागेच का लागायचं? आपल्याकडे दह्यात कालवायच्या इतक्या गोष्टी आहेत, आणि घट्ट दह्यात त्यातल्या बहुतेक जास्त चांगल्या लागतात, कारण पाणी सुटून ताटभर पसरत नाही. मिठाची बाजू धरली की आंबटपणा खटकत तर नाहीच, उलट हवासा वाटतो.

मेतकूट: दीडशे ग्रॅमला दीड छोटा चमचा मेतकूट, मीठ, आणि दोन मोठे चमचे पाणी. पाणी विसरू नका. मेतकुटात डाळी-तांदळाचं भाजलेलं पीठ असतं, ते दह्यातलं उरलंसुरलं पाणी ओढून घेतं आणि घास टाळूला चिकटतो. कालवून पाच मिनिटं झाकून ठेवा, मग पाहा. लागलं तर आणखी एक चमचा पाणी. उडदाच्या डांगराचं पीठ असेल तर तेही असंच, पण दोन चमचे पिठाला पाणी दुप्पट, वर बारीक चिरलेला कांदा आणि फोडणी.

शेंगदाण्याची चटणी: सोलापूरकडची, कुटून तेल सुटलेली असते ती. मिक्सरवर कोरडी भुगा केलेली तितकी चांगली लागत नाही, कारण इथे काम आहे ते त्या सुटलेल्या तेलाचं. शंभर ग्रॅम दह्यावर एक मोठा चमचा चटणी पसरा आणि कालवू नका. चमचा उभा घालून दोन्ही थर एकदम उचला. लालसर तेल पांढऱ्यावर उतरतं, तो घास भाकरीबरोबर खाऊन पाहा. कारळाची आणि जवसाची चटणीही चालते, जवसाची असेल तर किंचित लिंबू.

सांडगी मिरची: मंद आचेवर तेलात अगदी काळपट तपकिरी होईपर्यंत तळा. लाल दिसताच काढली तर आतला मसाला कच्चा राहतो आणि मिरची चिवट होते. काढून पूर्ण गार होऊ द्या, मगच हाताने चुरा. गरम असताना वाकते, गार झाल्यावर कडकन मोडते. दीडशे ग्रॅमला एक मोठी किंवा दोन लहान. मिरचीत मीठ भरपूर असतं, दह्यात वेगळं घालू नका. हा चुरा दह्यात मिसळून दहा मिनिटं ठेवला की मेथी-धण्याचा वास दह्यात उतरतो, आणि कुरकुरीत हवा असेल तर अर्धा चुरा वरून घाला.

कोशिंबीर: इथे एक गोष्ट उलटी करायची. एरवी काकडी चोचवून मीठ लावून पिळतो आणि ते पाणी टाकतो. ग्रीक योगर्ट घट्ट असल्यामुळे ते पिळलेलं पाणीच एकेक चमचा परत घालून हवं तेवढं सैल करा. दुधापेक्षा ते बरं, त्यात काकडीचा वास असतो. एक वाटी काकडी, पाव छोटा चमचा मीठ, १५ मिनिटं, पिळणं, मग शंभर ग्रॅम दही, दोन चमचे दाण्याचं कूट, पाव चमचा साखर, मिरची, कोथिंबीर. काकडीचं पाणी आधीच खारट आहे, वरून मीठ चाखून घाला.

भरीत: भाजलेलं वांगं सोलून पूर्ण गार करा. कोमट वांग्यात हे दही घातलं की फुटतं, रवाळ दिसतं. एक वाटी गराला अर्धी वाटी दही. धुरकट वासाशी हा घट्टपणा फार छान जुळतो.

आता तुपाच्या कण्या. तूप खोलीच्या उष्णतेलाही अर्धं थिजतं. फ्रीजमधून काढलेल्या दह्यावर पडलं की सेकंदात गोठणार. थंड दह्याला फोडणी द्यायची तर तेलाचीच द्या, शेंगदाण्याची किंवा तिळाची. एक छोटा चमचा तेल, पाव चमचा मोहरी, चिमूट हिंग, कढीपत्त्याची चार पानं. मोहरी तडतडून शांत झाली की गॅस बंद, मिनिटभर थांबा, मग ओता. धूर येणारं तेल थेट ओतलं तर जिथे पडतं तिथे दह्याची गाठ होते. तुपाचीच हवी असेल तर दही अर्धा तास बाहेर ठेवा आणि कालवलेल्या दह्याशेजारी गरम भात हवा.

---

कोथिंबीर_वडी

घुसळखांब, फेटून पाहिलं. मीठ, दूध आणि ऑलिव्ह तेल घातल्यावर खडू जवळजवळ गेला, फरक पहिल्या चमच्यालाच कळला. सांडगी मिरचीचं आज रात्री.

दोन प्रश्न उरलेत. गोड खावंसं वाटलं तर साखर कमीत कमी लागावी म्हणून काय करायचं? आणि ग्रीसमध्ये लोक हे कसं खातात? तिथेही सगळेजण मुसली घालूनच खातात का?

---

समुद्रकाठ

ग्रीसमधलं आधी. तिथे गाळलेल्या दह्याला ‘स्त्रागिस्तो’ म्हणतात, आणि तिथे ते गोडाइतकंच तिखटा-मिठाच्या जेवणातही असतं. गोडात सगळ्यात प्रसिद्ध जोडी मध आणि अक्रोडाची. त्याची पद्धत साधी आहे, पण तिच्यात एक शहाणपण आहे: दह्यात काहीही कालवत नाहीत. पसरट वाटीत दही, चमच्याच्या पाठीने मधे उथळ खळगा, त्यात मध, वर अक्रोड. चमचा दही आणि मध मिळून उचलतो. मध दह्यात विरघळला तर सगळं मिळून जेमतेम गोड लागतं. वेगळा राहिला तर तो जिभेला थेट लागतो आणि एका छोट्या चमच्यात भागतं. पुढच्या घासाला पुन्हा नुसतं आंबट दही, त्यामुळे गोडाची गोडी टिकते.

अक्रोड १७० अंशावर आठेक मिनिटं, किंवा कढईत मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाजून गार करा. न भाजलेल्या अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा दह्याच्या तुरटपणात भर घालतो. मध आधीपासून घालून फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीत तो घट्ट होऊन खाली दोरीसारखा बसतो आणि भोवती पाणी सुटतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो, घरात लहान मूल असेल तर हे लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट मराठी माणसाला लगेच आपली वाटेल. ग्रीसमध्ये ‘ग्लिको तू कुतालिऊ’ असतं, शब्दशः चमच्याचं गोड. आंबट चेरी, द्राक्षं, बिही (सफरचंदासारखं एक फळ) अशी फळं साखरेच्या पाकात शिजवून बरण्यांमध्ये भरतात. पाहुण्याला छोट्या बशीत चमचाभर देतात, आणि दह्यावरही घालतात. म्हणजे आपले मुरंबे! साखरांबा, गुळांबा, मोरावळा, काहीही घ्या. दीडशे ग्रॅम दह्यावर दोन छोटे चमचे कैरीचा साखरांबा पुरतो. मोरावळ्यातला आवळा चिरून घाला, अख्खा ठेवला तर बी काढत बसावं लागतं. गुळांब्याच्या वेलची-केशराच्या वासाने दही आहे त्यापेक्षा गोड वाटतं.

हा वासाचाच मुद्दा साखर कमी करायला सगळ्यात उपयोगी आहे. वेलची, जायफळ, केशर, व्हॅनिला हे वास आपण कायम गोडात घेत आलो, म्हणून नुसत्या वासानेही जीभ गोडाची चव धरते. दीडशे ग्रॅमला दोन वेलदोड्यांची ताजी पूड, जायफळाचे किसणीवर दोन-तीन फटके, चार केशरकाड्या छोटा चमचाभर कोमट दुधात पंधरा मिनिटं भिजवून. मग साखर एक छोटा चमचा पुरे. तीही पिठीसाखर, कारण दाणेदार थंड घट्ट दह्यात नीट विरघळत नाही, दातांखाली येते. काकवी मिळत असेल तर तीच घ्या, ती लगेच मिसळते आणि तिचा खरपूसपणा आंबटपणाला छान दाबतो. दोन खजूर दोन चमचे गरम पाण्यात भिजवून कुस्करूनही चालतं.

आंबटपणा मारायला कोणी सोडा घालायला सांगेल, तर घालू नका. आम्लाशी मिळून दही फेसाळतं आणि साबणासारखी चव राहते.

आणि त्झात्झिकी. ती आपल्या काकडीच्या कोशिंबिरीची बहीण, पण सांडगी मिरची यांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलट: पाणी परत घालायचं नाही. एक मध्यम काकडी किसून, अर्धा छोटा चमचा मीठ, वीस मिनिटं, मग फडक्यात घालून जीव खाऊन पिळा. मूठभरच चोथा राहतो, तेवढाच हवा. अडीचशे ग्रॅम दही, लसणाची एक पाकळी ठेचून, मोठा चमचा ऑलिव्ह तेल, छोटा चमचा व्हिनेगर, आणि एक मोठा चमचा कोवळा शेपू बारीक चिरून. हो, आपला भाजीचाच शेपू. तिथे तोच घालतात, फक्त कोवळी टोकं घ्या, जाड देठ नकोत. फ्रीजमध्ये तासभर मुरू द्या. दुसऱ्या दिवसासाठी करत असाल तर लसूण अर्धी पाकळी, कारण कच्चा लसूण दह्यात रात्रभर चढत जातो.

अंडं चालतं म्हणालात म्हणून तुर्कस्तानातली एक गोष्ट, चिल्बिर: खोलीच्या उष्णतेला आणलेलं दही, त्यात अर्धी पाकळी लसूण आणि मीठ, वर कवच फोडून गरम पाण्यात सोडून शिजवलेली दोन मऊ अंडी, त्यावर गरम वितळलेल्या लोण्यात मिसळलेली लाल मिरचीपूड. इथे लोणी गोठत नाही कारण वरची अंडी गरम असतात आणि दही गार नसतं. मिरचीपूड लोणी उतरवल्यावर घाला, नाहीतर जळते.

---

फडक्यातला_चक्का

या दह्याचं श्रीखंड करायचा मोह होईल, म्हणून सांगून ठेवते. ग्रीक योगर्ट म्हणजे चक्का नाही, चक्क्याच्या वाटेवर मधेच थांबलेलं दही आहे. त्यात थेट साखर घातली तर साखर उरलेलं पाणी ओढून घेते आणि हातात बासुंदी येते. आधी सुती फडक्यात बांधून, चाळणीवर ठेवून, वर वाटीभर वजन देऊन फ्रीजमध्ये ४-५ तास निथळू द्या. अर्धा किलोतून बऱ्यापैकी पाणी उतरेल. फडक्यातला गोळा बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला पाहिजे. मग पिठीसाखर, वजनाच्या पाऊणपट नाहीतर अर्धी, आणि पुरणयंत्र. ० टक्क्यांच्या दह्याचं श्रीखंड करायचंच असेल तर साय घोटून घाला, नाहीतर ते खरखरीत होतं आणि कितीही गाळलं तरी जिभेवर दाणा राहतो. आम्रखंडाला रस आटवून घ्या.

कायमचा उपाय हवा असेल तर घरीच गाळा. एक लिटर सायीच्या दुधाचं दही, चार तास निथळलं की साधारण चारशे ग्रॅम ग्रीक योगर्टसारखं दही मिळतं. आंबटपणा मात्र पूर्ण तुमच्या हातात असतो, आणि तो दोन ठिकाणी बिघडतो. पहिलं, दही लागलं की ताबडतोब फ्रीजमध्ये टाका. लागल्यावरही तीन तास ओट्यावर राहिलं की गेलं. दुसरं, फडकं ओट्यावरच्या खुंटीला टांगू नका. मे महिन्यात खुंटीवर आठ तास टांगलेलं दही विरजणातले जीवाणू आंबवतच राहतात. खोल भांडं, त्यावर चाळणी, त्यात फडकं, वर झाकण, आणि सगळं फ्रीजमध्ये. वेळ थोडा जास्त लागतो, पण गोडसर दही मिळतं.

खाली उतरलेलं पाणी टाकू नका. त्याचा हिरवट-पिवळा रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचा असतो. कणीक भिजवायला वापरा, पोळ्या मऊ होतात. कढीत ताकाऐवजी अर्धं हे पाणी चालतं.

कढीचं निघालं म्हणून: ग्रीक योगर्ट उकळत्या रश्शात थेट घालू नका, ० टक्क्यांचं तर हमखास फाटतं. वाटीभर दह्याला एक मोठा चमचा बेसन लावून, पाण्याने सैल करून, मंद आचेवर सतत ढवळत तापवा. पीठ न लावता घालायचं असेल तर गॅस बंद केल्यावर, दोन चमचे गरम रस्सा दह्यात मिसळून मग.

---

कोथिंबीर_वडी

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं डब्याचं. सकाळी सातला भरून दुपारी एकला खायचं असेल तर काय टिकतं? आणि उघडलेल्या डब्यात वर पाणी साठतं ते ओतून द्यायचं का?

---

घुसळखांब

डब्यात तीन गोष्टी वेगळ्या न्या. दही एका डबीत, कुरकुरीत दुसऱ्यात, मध नाहीतर चटणी छोट्या बाटलीत. मुसली, भाजलेले दाणे, भोपळ्याच्या बिया दह्यात अर्ध्या तासात ओल्या भुशासारख्या होतात. मीठ आणि साखरही दुपारीच घाला. दोन्ही पाणी ओढतात आणि सहा तासांत डबीच्या कडेने तळं होतं. मेतकूट याला अपवाद, ते सकाळी कालवलेलं दुपारी जास्त मुरलेलं लागतं, फक्त पाण्याचा एक चमचा वाढवा.

फळ डबीतच हवं असेल तर शिजवून तळाशी. दोनशे ग्रॅम स्ट्रॉबेरी, एक मोठा चमचा साखर, चिमूटभर मीठ, मध्यम आचेवर ८-१० मिनिटं. चमच्याने कढईच्या तळाशी रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहिली पाहिजे. लगेच भरून आली तर अजून पाणी आहे. पूर्ण गार झाल्यावर डबीत दोन चमचे, वर दही, न हलवता झाकण. ही फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहते, एवढ्या प्रमाणात चार वेळचं होतं. डबीशेजारी बर्फाची पिशवी ठेवा. सहा तास उन्हाळी बॅगेत गरम झालेलं दही आंबटच लागणार.

पाणी ओतू नका, कालवून टाका. डब्यातून चमच्याने दही काढल्यावर जो खड्डा पडतो, त्यातच ते साठतं. दुसऱ्या दिवशी पाहा, सपाट बाजू कोरडी आणि खड्ड्यात पिवळसर पाणी. दर वेळी काढून झालं की चमच्याच्या पाठीने वरचा भाग सपाट करा, बरंच कमी सुटतं. चमचा कोरडा आणि न उष्टावलेला. उघडल्यापासून पाच ते सात दिवसांत संपवा, म्हणजे एक किलोच्या डब्याला रोज दीडशे ग्रॅम बरोबर बसतं. शेवटचे शंभर ग्रॅम ज्यादा आंबट झाले तर ते सांडगी मिरचीसाठी ठेवा.